चकवा लागला की बसायचं

कोकणात चकव्याची गोष्ट बहुतेक एकाच साच्यात सांगतात. माणूस गावातलाच असतो आणि वाट रोजची असते. काजूच्या बागेतून, मांगरातून किंवा पलीकडच्या वाडीतल्या भजनावरून तो उशिरा निघतो. तासभर चालल्यावर त्याच्या लक्षात येतं, की हा कातळ आपण मघाशीच ओलांडला होता. तो दिशा बदलतो. पुन्हा तोच कातळ. मग तो झपाझप चालू लागतो, घाम फुटतो, ओळखीची झाडंही परकी दिसायला लागतात. कोंबडा आरवतो तेव्हा तो स्वतःच्याच कुंपणापासून हाकेच्या अंतरावर असतो. गोष्ट सांगणारा इथे थांबतो. ऐकणाऱ्यांतलं कुणीतरी 'चकवो' एवढंच म्हणतं आणि त्यावर पुढे कुणी काही विचारत नाही.

आंबोलीतल्या एका पडवीत मात्र विचारलं गेलं. विचारणारी होती पुण्याच्या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारी भाची. समोर तिचा मामा, वनरक्षक म्हणून सगळी नोकरी याच पट्ट्यात काढून निवृत्त झालेला. समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवरचं हे गाव. पावसाळ्यात इथे सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि धुकं थेट उंबऱ्यापर्यंत येतं. वीज गेली होती. अशा वेळी भुताखेतांवर वाद घालायला पुण्याची माणसंही तयार होतात.

"मामा, खरं सांग. इतकी वर्षं रानात काढलीस. तू चकवा मानतोस?"

"मानतोस म्हणजे काय गो? पाऊस मानतोस का, असं विचारशील काय मला?"

"पाऊस मोजता येतो."

"मग चकवा मोज."

तिने निदान मोजणाऱ्यांची हकिगत तरी सांगितली. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेत यान सौमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच मोजलं होतं. त्यांचा निबंध 2009 साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात आला. बीनवाल्ड नावाच्या सपाट, दाट जंगलात त्यांनी काही जणांना सोडलं, अंगावर जीपीएस यंत्र बांधलं आणि सांगितलं, की काही तास नाकासमोर सरळ चालत राहा. सूर्य दिसत होता त्या दिवशीचे लोक जवळजवळ सरळ गेले. आभाळ भरलेल्या दिवशी चाललेले सगळे गोल फिरले. आपलीच मघाची वाट त्यांच्यातल्या बहुतेकांनी पुन्हा ओलांडली आणि त्यांना ते कळलंही नाही. ट्युनिशियाच्या वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र होता तोवर सरळ गेला. चंद्र ढगाआड गेल्यावर तो वळत वळत आला त्याच दिशेला परत निघाला. डोळे बांधून चालवलेल्या माणसांची वर्तुळं तर कधीकधी जेमतेम 20 मीटर व्यासाची होती.

"वीस मीटर? म्हणजे आपलं खळं आणि गोठा धरून होईल तेवढंच."

"तेवढंच. आणि त्यांना वाटत होतं, आपण सरळ चाललोय."

मामाकडेही एक उत्तर तयार होतं. त्याच्या नोकरीच्या काळात एक साहेब सांगायचे, की माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जोरकस असतो, म्हणून तो एकाच अंगाला वळत जातो.

"तेही तपासलंय," भाची म्हणाली. "तोच माणूस एकदा डावीकडे वळायचा, एकदा उजवीकडे. पायाच्या लांबीचा आणि ताकदीचा मेळ बसला नाही. सरळ म्हणजे कुठे, याचा डोक्यात एक अंदाज चालू असतो. पावलागणिक तो थोडाथोडा ढळतो. समोर सूर्य असला, डोंगर असला, देवळाचा कळस असला, की डोळे तो दुरुस्त करतात. धुक्यात ती दुरुस्ती बंद पडते आणि चूक साचत जाते."

"म्हणजे चकवा आहे," मामा शांतपणे म्हणाला. "तू फक्त त्याचा पत्ता बदललास. आम्ही म्हणायचो तो रानात राहतो. तू म्हणतेस डोक्यात राहतो. आहे हे तर तुझ्या जर्मनांनीही कबूल केलं."

हा टोला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विज्ञानाची बाजू घेणारे बरेच जण इथेच घाई करतात. माणूस गोल का फिरतो ते कळलं म्हणजे सगळंच कळलं, असं ते धरून चालतात. पण त्या वेळी त्याच्या मानेवरचे केस का उभे राहतात, हा वेगळा प्रश्न आहे. वाट चुकल्याचा राग येऊ शकतो, कंटाळा येऊ शकतो, उशीर झाल्याची काळजी वाटू शकते. त्याऐवजी अंगावर काटा येतो, आणि तोही ओळखीच्या जागी.

याची नोंद घेणाऱ्यांत सिग्मंड फ्रॉइड होता. या विचित्र, थरकाप आणणाऱ्या भावनेवर त्याने 1919 साली एक निबंध लिहिला. त्यात दिलेला एक अनुभव त्याचा स्वतःचा आहे. इटलीतल्या एका लहान गावात फिरताना तो नको त्या गल्लीत शिरला, घाईने बाहेर पडला, आणि वळणं घेत घेत पुन्हा त्याच गल्लीत आला. तिसऱ्यांदाही तेच झालं. त्याच्या पुढचं उदाहरण तर थेट आंबोलीतलं वाटावं असं आहे: धुक्यात डोंगरातल्या रानात वाट चुकलेला माणूस, जो कितीही प्रयत्न केला तरी त्याच जागी परत येत राहतो. फ्रॉइडने काढलेलं कारण, म्हणजे मनात दडपलेलं काहीतरी उसळून वर येतं हे, आज फारसं कुणी जसंच्या तसं स्वीकारत नाही. निरीक्षण मात्र पक्कं होतं. एकदा घडलं तर योगायोग म्हणून सोडून देता येतं. तेच पुन्हा पुन्हा घडलं, की कुणीतरी मुद्दाम घडवतंय असं वाटायला लागतं.

मामाला फ्रॉइडशी देणंघेणं नव्हतं. त्याने आपली साक्ष काढली. "बिबट्या समोर आला तर कसं वाटतं सांगू? भीती वाटते. छातीत धडधडतं, पाय जमिनीला चिकटतात. पण कसंनुसं वाटत नाही. तो आहे, मी आहे, मध्ये अंतर एवढं आहे. सगळं स्वच्छ. कसंनुसं कधी वाटतं? रातकिडे ओरडत असतात आणि एकदम थांबतात तेव्हा. काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. पण थांबलेत खरे."

भाची उत्साहाने पुढे सरकली, कारण मामाने नकळत तिचाच मुद्दा मांडला होता. अमेरिकेतल्या नॉक्स कॉलेजचा मानसशास्त्रज्ञ फ्रँक मॅकअँड्र्यू याने एका सहकारी संशोधिकेबरोबर 1,341 लोकांना विचारलं, की तुम्हाला कोणत्या माणसांची, कोणत्या वागण्याची शिसारीवजा भीती वाटते. 2016 साली त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष असा: धोका उघड असेल तर माणूस घाबरतो, पळतो किंवा लढतो. धोका आहे की नाही हेच ठरत नसेल, तर तो ना पळू शकतो ना निवांत बसू शकतो. या अधांतरी अवस्थेत जे वाटतं ते हे कसंनुसं. पळालो आणि काहीच नव्हतं तर हसं होईल, थांबलो आणि काही असलं तर जीव जाईल.

"मग रातकिडे थांबले की मी काय करायचो माहीत आहे?" मामा म्हणाला. "मीपण थांबायचो."

हे वाक्य भाचीने तेव्हा सोडून दिलं. खरं तर वादाची किल्ली त्यातच होती.

तिला आधी रानातल्या एकेका भुताचा हिशेब लावायचा होता. पावसाळ्यात भीमाशंकरच्या आणि गोव्याच्या रानांत रात्री जमीन हिरवट उजळते. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या काही बुरश्यांमध्ये प्रकाश निर्माण करणारी रसायनं असतात. आता लोक ते बघायला मुद्दाम जातात आणि फोटो काढतात. झाडावर बाई किंचाळल्यासारखा आवाज येतो, ते बहुतेक वेळा घुबड असतं. माळावर रात्री कण्हल्यासारखं ऐकू येतं, तो करवानक पक्षी असतो. अंधारात लुकलुकणारे हिरवे डोळे दिसतात, कारण रात्री फिरणाऱ्या अनेक जनावरांच्या डोळ्यांमागे प्रकाश परतवणारा पडदा असतो.

"हे मला शिकवतेस?" मामाला हसू आवरेना. "घुबड कोणतं ते मी तुला आवाजावरून सांगेन. पण म्हणून काय झालं? ओळखून घेतल्यावरही अंगावर काटा यायचा तो येतोच."

याला एक मातबर साक्षीदार आहे. नरभक्षक वाघांच्या मागे आयुष्य घालवलेल्या जिम कॉर्बेटने 'जंगल लोअर' या पुस्तकात कुमाऊंमधल्या चुडेलीच्या हाकेबद्दल लिहिलं आहे. ती हाक ऐकली की गावकरी दारं लावून घेत. कॉर्बेटने हाक मारणारा पक्षी चांदण्यात दुर्बिणीतून पाहिला. तो झाडाच्या शेंड्यावर बसला होता. रानातला पक्षी न् पक्षी ओळखणाऱ्या या माणसाला तो कोणता ते मात्र सांगता आलं नाही. पक्षीच आहे हे डोळ्यांनी पाहूनही त्या आवाजाचा प्रभाव त्याने नाकारला नाही. त्याच्या लिहिण्याची ही बाजू शिकारकथांच्या चाहत्यांना फारशी आठवत नाही.

मग मामाने अवघड प्रश्न काढला. "बुरशी झाली, घुबड झालं. आता हे सांग. रानात एकटा चालत असताना मागून कुणी चालतंय असं वाटतं. पाऊल वाजत नाही, फांदी मोडत नाही. पण आहे. शपथेवर सांगतो, आहे असं वाटतं. त्याचं काय?"

भाची म्हणाली, "हे तुला एकट्यालाच वाटलेलं नाही." मे 1916 मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन दोन साथीदारांसह दक्षिण जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर ओलांडत होता. छत्तीस तासांची ती चाल संपल्यावर त्याने लिहून ठेवलं, की आपण तिघं नसून चौघं आहोत असं सारखं वाटत होतं. साथीदारांनाही तसंच वाटलं होतं. 1933 साली फ्रँक स्माइथ एव्हरेस्टवर एकटाच वर चढत होता. खिशातली वडी काढून त्याने अर्धी मोडली आणि शेजारच्याला द्यायला वळला. शेजारी कुणीच नव्हतं. 2006 साली स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके याच्या गटाने एका अपस्माराच्या रुग्ण तरुणीच्या मेंदूतल्या एका ठिकाणाला, डाव्या कानाच्या वरच्या मागच्या भागाला, विजेचा सौम्य धक्का दिला. तिला पाठीमागे कुणीतरी असल्याचं जाणवू लागलं. ती बसली की ते बसायचं. तिने गुडघे कवटाळले, की ते तिला कवटाळायचं. पुढे 2014 साली याच गटाने निरोगी माणसांवर यंत्रमानवाचा प्रयोग केला. माणसाने पुढे हात हलवला, की यंत्र त्याच्या पाठीला तसाच स्पर्श करायचं, पण अर्ध्या सेकंदाने उशिरा. आपलंच शरीर उशिरा पोचल्यावर ते परक्याचं वाटू लागलं. प्रयोगात भाग घेतलेल्यांतल्या काहींनी 'थांबवा' म्हणून सांगितलं.

"म्हणजे मागून चालणारा मीच?"

"तूच. थकलेला, भुकेला, अंधारातला तू."

मामा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आरवलीत याची व्यवस्था बरी आहे."

वेंगुर्ले तालुक्यातलं आरवली हे वेतोबाचं गाव. वेतोबा हा गावचा राखणदार. तो रात्री सीमेवर फेऱ्या मारतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात, केळीचे घड वाहतात. रात्री एकट्याने चालताना मागे कुणी असल्याचं जाणवलं, तर आरवलीचा माणूस म्हणू शकतो, की वेतोबा फेरीवर आहे. ब्लांकेच्या प्रयोगातल्या तरुणीला ती जाणीव नकोशी वाटली. शॅकल्टनला मात्र त्या चौथ्याचा आधार वाटला होता. त्याच जाणिवेला आरवलीने चौकीदाराचं काम दिलं आणि पायताणाचा खर्चही उचलला.

भाचीला हे आवडलं, पण ती मागे हटली नाही. "पण मामा, वेतोबाचं नाव आधी ऐकलेलं असतं म्हणूनच तो मागे चालतो. ऐकलेलं नसतं तर?" तिने आणखी दोन प्रयोग सांगितले. इंग्लंडमध्ये विक टँडी नावाचा अभियंता ज्या प्रयोगशाळेत काम करायचा, तिथे भूत असल्याची बोलवा होती. एका रात्री त्यालाही डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी पकडीत अडकवलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना पाहून त्याच्या लक्षात आलं, की नव्या पंख्यामुळे खोलीत कानाला ऐकू न येणारा सुमारे 19 हर्ट्झचा आवाज घुमतो आहे. पंख्याची दुरुस्ती झाली आणि तो भारलेपणाही गेला. 1998 साली त्याने हे छापलं आणि जगभरची भुतं पंख्यांच्या खाती जमा झाली.

"बघ, सापडलं की," मामा म्हणाला.

"थांब, पुढे ऐक." लंडनमध्ये ख्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम एक खोली बांधली. तिथे असा आवाज आणि चुंबकीय क्षेत्र कधी चालू ठेवलं, कधी बंद. आत गेलेल्यांना विचित्र अनुभव आले ते दोन्ही वेळा आले. आवाजाशी त्यांचा संबंध लागला नाही. ज्यांच्या मनावर सूचनेचा परिणाम लवकर होतो त्यांना ते जास्त आले. 2009 साली छापलेला हा निष्कर्ष टँडीच्या गोष्टीइतका चटकदार नाही, म्हणून तो फारसा सांगितला जात नाही. आपली विज्ञानप्रिय मंडळीही छान जुळलेल्या गोष्टीला भुलतात, हे इथे नमूद करायला हवं.

अनोळखी जागी असं वाटतं, हे मामाला पटत होतं. त्याचं म्हणणं होतं, की खरा चकवा ओळखीच्या जागी लागतो. भाचीने मुंबईकडे बोट दाखवलं. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या. एरवी पाऊल ठेवायला जागा नसलेले फलाट, दादरचा पूल, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा मंडप, सगळं जिथल्या तिथे, आणि माणूस नाही. त्या दिवसांतली छायाचित्रं पाहून मुंबईकरांच्या पोटात जे कालवलं, ते फक्त रोगाच्या भीतीने नव्हे. जागा तीच होती, पण तिच्याकडून असलेली अपेक्षा मोडली होती. एकच शब्द भराभर पुन्हा पुन्हा लिहायला लावला, की काही वेळाने तो चुकीचा, परका वाटू लागतो. या साध्याशा प्रयोगाला 2023 साली इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं. ओळखीची झाडं परकी दिसतात ती अशी. ज्ञान शाबूत असतं, ओळख मात्र पटत नाही.

मेंदूत जागेचा नकाशा असतो हे आता सिद्ध झालेलं आहे. जॉन ओ'कीफ यांना 1971 साली उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या तो खोलीतल्या ठरावीक जागी गेला की चेततात. 2005 साली मोसर दांपत्याला त्या नकाशाची जाळी सापडली. तिघांना 2014 चं नोबेल मिळालं. नकाशा आणि समोरचं रान यांचा मेळ सुटतो, तेव्हा माणूस चूक नकाशाची मानत नाही, रानाची मानतो. रान हललं, वाट फिरली, कुणीतरी फिरवली.

"कुणीतरी," भाचीने तोच शब्द उचलला. "मामा, माझी खरी हरकत इथे आहे. तुझा चकवा, तुझा वेतोबा यांच्याशी माझं भांडण नाही. पण 'कुणीतरी' म्हटल्यावर माणसं तिथेच थांबत नाहीत. ते कोण, हे शोधायला निघतात. आणि शेवटी त्यांना गावाच्या टोकाला राहणारी एखादी विधवा सापडते."

आता मामाला उत्तर सुचेना. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारकडे, डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली, गावाबाहेर काढलं गेलं, जीवही घेतले गेले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं काम केलं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यांनी ज्यासाठी जन्म घालवला तो जादूटोणाविरोधी वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचं दूध आटवते, असं म्हणत तिला बदनाम करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

मामाने बचाव केला तो वेगळ्या बाजूने. "ते वाईटच. त्यात दोन मतं नाहीत. पण आमच्या देवराईत जा. तिथे आत शिरलं की दिवसाढवळ्याही आवाज खाली येतो. वाळकी काटकी उचलायची नाही, पान तोडायचं नाही. का? राखणदार बघतोय. त्या धाकानेच ती झाडं उभी राहिली. खात्याची पाटी लावून मी तेवढं राखू शकलो नसतो, आणि हे मी खात्यात राहून सांगतोय."

यालाही आधार आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया हिंडून त्यांची शास्त्रीय नोंद केली. आजूबाजूचं रान उघडं पडलं असताना या तुकड्यांत जुने वृक्ष आणि वेली टिकल्या होत्या, आणि त्यामागे देवाचा धाक होता, हे त्यांनी दाखवलं. तो धाक ओसरला तिथे जीर्णोद्धाराच्या नावाखाली झाडं गेली, सिमेंटचा सभामंडप आणि फरशी आली. असा सभामंडप कोकणात फिरणाऱ्याला शोधावा लागत नाही.

दोघांचंही खरं आहे, असं म्हणून इथे सुटका करून घेता आली असती. पण फरक नेमका कशात आहे ते पाहायला हवं. देवराईतली भीती जागेला बांधलेली आहे. ती सांगते, इथे जपून पाऊल टाक. सातपुड्यातली भीती माणसाला बांधलेली आहे. ती सांगते, हिला धर. कसंनुसं वाटणं ही उपजत गोष्ट आहे, तिला कायद्याने बंदी घालता येत नाही आणि शाळेत शिकवून ती जात नाही. ती कुणाच्या माथी मारायची, हे मात्र समाज ठरवतो, आणि तिथे मामाच्या पिढीने गप्प बसून चूक केली आहे. भाचीने हे त्याला तोंडावर ऐकवलं. त्याने वाद घातला नाही.

मग ती मघाच्या सोडून दिलेल्या वाक्याकडे परत आली. "तू थांबायचास म्हणालास. चकवा लागल्यावर काय करायचं असतं?"

"बसायचं. दुसरं काय? पाठ झाडाला लावायची, विडी पेटवायची आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही. मी नवीन होतो तेव्हा जुन्या वॉचरने पहिला धडा हाच दिला. चालत राहिलास तर चकवा चालवत राहतो."

भाचीला हसू आलं, कारण तिला कॅलिफोर्निया आठवलं. 1981 साली तिथल्या पालोमार डोंगरात नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला. तो चालत राहिला, शोधणारे त्याच्या मागे राहिले आणि तो जिवंत हाती लागला नाही. त्यानंतर शोधकार्य करणाऱ्यांनी शाळकरी मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्याचा गाभा एवढाच: हरवलास की जवळचं झाड पकड, त्याला मिठी मार आणि तिथेच थांब. नावच 'झाडाला मिठी मार आणि वाच' अशा अर्थाचं आहे.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात पऱ्यांनी वाट चुकवलेल्या माणसाने अंगातला कोट उलटा करून घालायचा असतो. रशियात रानाचा राजा लेशी वाट चुकवतो, तिथे कपडे उलटे आणि पायताण विरुद्ध पायांत घालतात. कोट उलटा करायला थांबावं लागतं. बूट बदलायला बसावं लागतं. विडीला काडी लागते, आणि पावसात काडी पेटवायला चांगलाच वेळ जातो. बंगालातली निशी आणि आपल्याकडची हाकामारी नाव घेऊन बोलावतात, तिथेही नियम पहिल्या हाकेला ओ न देण्याचा आहे. एवढ्या दूरदूरच्या लोकांनी आपापल्या भुतांना उपाय शोधला तो थांबण्याचाच.

"म्हणजे शेवटी माझंच खरं," मामा म्हणाला.

"उपाय तुझा खरा. कारण माझं."

एवढ्यावर तडजोड करायला दोघंही तयार नव्हती आणि वाद जेवणानंतर पुढे चालू राहिला. पण पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या कामाचं जे होतं, त्यावर दोघांचं एकमत झालं. धुक्यात वाट सुटली आणि तीच जागा पुन्हा समोर आली, तर पुढे चालू नका. ओढ्याचा माग धरून खाली उतरू नका. सह्याद्रीतले ओढे कड्यावरून कोसळतात. आडोसा पाहून बसा, अंग कोरडं ठेवा, सोबत्यांना पांगू देऊ नका, फोनला रेंज असेल तर 112 लावा आणि मग फोनची बॅटरी राखा. आणि निघण्याआधी घरी कुणाला तरी कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार ते सांगून ठेवा. शोधायला निघालेली माणसं सगळ्यात आधी तेच विचारतात.